कोठीवरचा माणूस

आमच्या ठाण्यावर शत्रू सकाळची न्याहारी आटोपून यायचा आणि त्याच्या सायकलच्या टोपलीत भेंडी असायची.

शत्रू म्हणजे इंदूकाकू. आमचे कमांडिंग ऑफिसर विंग कमांडर दिवाकर बोरकुटे यांच्या पत्नी. ठाणं होतं राजस्थानच्या वाळवंटात, विमानतळापासून जीपने तासभर लांब. आमच्याकडे विमानं नव्हती, नुसतं रडार होतं. आकाशात कोण कुठे उडतंय हे त्यावर ठिपक्यांनी दिसायचं आणि ते बघून आमच्या वैमानिकाला रेडिओवरून 'असा वळ, तसा चढ' असं सांगत शत्रूच्या विमानापाशी नेऊन सोडायचं, हे माझं काम. जयसिंगपूरची मी, फ्लाइंग ऑफिसर शैलजा मगदूम. नवीकोरी होते आणि खरी विमानं हाती मिळण्याआधी मला सायकली हाकायला शिकावं लागत होतं.

त्याची तऱ्हा अशी. इंदूकाकू टोपली लावलेल्या लेडीज सायकलवरून परेडच्या मैदानात मनाला येईल तशा फिरणार. साहेब दुसऱ्या सायकलवर. घोड्याला झापडं बांधतात तसे त्यांच्या टोपीला पुठ्ठे लावलेले, म्हणजे हॅंडलवरचं होकायंत्र आणि पुढची चार हात जमीन सोडून काही दिसायला नको. मी खिडक्या लावलेल्या खोलीत. गच्चीवरून एक कॉर्पोरल दोन्ही सायकलींच्या जागा ओरडून सांगे, मी त्या कागदावर मांडे आणि वॉकीटॉकीवरून साहेबांना वळवत वळवत काकूंच्या मागे नेऊन सोडे. काकू दिसल्या की साहेबांनी म्हणायचं, “ज्यूडी.”

हे कुणा बाईचं नाव हवाई दलाच्या भाषेत कसं घुसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. अर्थ मात्र पक्का: मला दिसलं, आता माझं मी बघतो. वैमानिकाने तो शब्द उच्चारला की जमिनीवरच्या माणसाने तोंड मिटायचं. आमच्या ठाण्यावर साहेबांनी हा शब्द धावपट्टीलाही लावून टाकला होता. शत्रू दिसो की घर दिसो, ज्यूडी म्हटलं की खालचा गप्प.

आता गप्प बसणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. आमच्या घरात पाच बहिणी, जी थांबली तिचा घास गेला. साहेब मला 'सांगली आकाशवाणी' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात की वैतागून, हे त्या दिवसाच्या मूडवर असे.

त्या सकाळी साहेब काकूंच्या अगदी मागे पोचले आणि म्हणाले, “ज्यूडी.” मी कागदाकडे पाहिलं. मला वाटलं, थोडं उजवीकडे घ्यायला हवं. म्हणून सांगितलं, उजवीकडे. ते वळले. अजून थोडं, म्हटलं. ते आणखी वळले. मग वॉकीटॉकीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा, “अहो, गुलाब!”

मी धावत बाहेर गेले. मेसच्या आचाऱ्याने जिवापाड जपलेल्या गुलाबाच्या वाफ्यात आमचे कमांडिंग ऑफिसर सायकलसकट आडवे होते. काकू टोपलीतली भेंडी सावरत त्यांना सुनावत होत्या, की दिसत होतं तर वळलात कशाला.

“हुकूम आला,” साहेब पुठ्ठे काढत शांतपणे म्हणाले.

साहेब कामावर असले की पुस्तकी इंग्रजी बोलत. पण काम नसलं आणि समोर मराठी माणूस असला की वर्ध्याचे होत. त्या दुपारी त्यांच्या घरी काकू त्यांच्या गुडघ्याला आयोडीन लावत होत्या आणि मी अपराध्यासारखी वेताच्या स्टुलावर बसले होते. समोर हवाई युद्धनीतीचं जाडजूड पुस्तक होतं. माझी परीक्षा तोंडावर आलेली. मी त्यातलं एक पान पाठ म्हणून दाखवायला लागले, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून उशाशी ठेवलं.

“हे राहू दे. लग्नात बुंदी कुठं ठेवतात?”

कोठीत, मी म्हटलं.

“अन् कोठीवर माणसं किती?”

एकच. नाहीतर वरपक्ष एक परात उचलून नेणार, आचारी एक दडवणार आणि शेवटच्या पंगतीला नुसता चुरा.

“बस. विमानं म्हणजे बुंदी. ज्याले त्याले वाटते, दोन विमानं माह्या दाराशी बांधून ठेवा. वाटून टाकली की कोणालेच पुरत नाही. म्हणून कोठी एक अन् कुलूप एकाच्या हाती. अर्धं पुस्तक झालं तुझं.”

उरलेलं अर्धं काय, मी विचारलं.

“वाढपी परात घेऊन पंगतीत गेला. कोणाच्या पानात किती वाढायचं, हे कोण ठरवते?”

“वाढपीच. पान त्याला दिसतंय.”

“अन् कोठीवरचा बुढा मागून येऊन त्याचा हात धरून राहिला तर?” त्यांनी गुडघा पुढे केला. “तर हे होते. आज तू माहा हात धरला, पोरी.”

काकू म्हणाल्या, आधी स्वतः स्वयंपाकघरात येऊन माझ्या फोडणीला हात लावायचं बंद करा, मग दुसऱ्यांना शिकवा. साहेबांनी यावर सोयीस्करपणे डोळे मिटले.

परीक्षा घ्यायला मुख्यालयातून एअर कमोडोर भसीन आले. उंच, सावकाश बोलणारे, स्वतः जुने वैमानिक. परीक्षा खऱ्या विमानांवर: एक मिग शत्रू होणार, दुसरं मी त्याच्यामागे नेणार. त्या दुसऱ्यात होता फ्लाइट लेफ्टनंट तपन बरुआ, आसामचा, तीन वर्षं त्या भागात उडत असलेला. मी त्याला प्रत्यक्षात एकदाच पाहिलं होतं, पण रेडिओवर आमची चांगली गट्टी होती. मी एकाऐवजी तीन वाक्यं बोलले की तो माइकच्या बटणाने नुसतं टकटक करायचा. त्याचा अर्थ, कळलं बाई, पुरे.

अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यासमोर मी बसले. माझ्यामागे साहेब आणि भसीन. पहिला भाग झकास झाला. बरुआला मी शत्रूमागे नेलं, तो ज्यूडी म्हणाला आणि मी ओठ दाताखाली धरून गप्प बसले. भसीननी 'हं' केलं. शत्रू झालेलं विमान पुढे होतं, ते आधी परतलं आणि उतरलंही. परीक्षा संपली असं समजून मी पाण्याचा पेला उचलला, तोच विमानतळाच्या टॉवरचा फोन आला.

आंधी आली होती. वाळूची भिंत पश्चिमेकडून धावपट्टीवर चढली होती आणि टॉवरवाल्यांना स्वतःच्या खिडकीखालची जीप दिसेनाशी झाली होती.

बरुआ अजून हवेत, इंधन उतरत चाललेलं. पूर्वेला दुसरा विमानतळ होता, लांब, पण तिथे लख्ख ऊन. मी बरुआला सगळं सांगितलं: टॉवर काय म्हणतोय, पूर्वेचं अंतर किती, हवा कशी. त्याने हिशेब केला. पूर्वेला पोचेन, म्हणाला, पण टाकीत जेमतेम तळ उरेल. तो पूर्वेकडे वळला. ठिपका पडद्यावर सरकू लागला आणि मला हायसं वाटलं.

आणि मग त्याचा आवाज आला.

“ज्यूडी.”

ठिपका वळला. पूर्व सोडून परत मागे, आंधीकडे.

 भसीन पुढे झाले. त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. आंधीत सापडलेल्या आपल्या विमानतळाच्या अलीकडे कालव्याच्या कडेने एक सरळ डांबरी रस्ता जातो. वाळू उडालेली असताना वरून तो हुबेहूब धावपट्टी वाटतो. ते स्वतः एकदा त्या रस्त्यावर उतरता उतरता वाचले होते. टॉवरला टॉवरखालचं दिसत नाही तिथे याला धावपट्टी कुठली दिसणार? आणि मिनिटभर तो असाच मागे येत राहिला, तर पूर्वेला पोचण्याइतकं इंधनही राहणार नव्हतं. मग कुठलाच विमानतळ नाही. ते मला म्हणाले, त्याला पूर्वेकडे वळव. आत्ता.

माझा अंगठा बटणावर होता. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. बरुआ चुकलाय, कालव्याचा रस्ता बघून चुकलाय, आणि मी एक वाक्य बोलले तर तो वाचेल. पाच बहिणींत वाढलेल्या माझ्या जिभेवर ते वाक्य तयारच होतं.

साहेब माझ्या कानाशी वाकले. एवढ्या लोकांत, एवढ्या वरच्या अधिकाऱ्यासमोर ते मराठीत बोलले आणि तेही घरच्या मराठीत.

“त्याले मालूम नाही असं काही तुह्यापाशी आहे काय?”

मी डोकं खाजवलं. टॉवरचा निरोप? तो दिलाय. अंतर, हवा, दोन्ही दिलंय. कालव्याचा रस्ता? तीन वर्षं तो त्या रस्त्यावरूनच घरी येतोय. रडारला वाळू दिसत नाही, म्हणजे आंधी नेमकी कुठवर आलीय हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्याजवळ होती ती फक्त भीती, आणि ती त्याच्याजवळ माझ्याहून जास्त असणार.

“नाही, सर.”

“मग गप बस.”

मी अंगठा उचलला. तो उचलायला किती जोर लागला, ते सांगूनही कुणाला पटायचं नाही.

भसीननी बाजूचा दुसरा माइक घ्यायला हात पुढे केला. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या माइकवर ठेवली. अगदी हळू, चहाच्या कपावर बशी झाकावी तशी. मग सावधान उभे राहून ते इंग्रजीत म्हणाले, की सर, या खोलीत विमानाशी एकच तोंड बोलतं आणि ते आत्ता मगदूमचं आहे. तुमचा तिच्यावर विश्वास नसेल तर तिला उठवा. पण तिला मी बसवलंय, म्हणून त्याआधी मला दूर करा. तुम्हाला तो अधिकार आहे, मी सही करून देतो. पण आम्हाला बसवायचं आणि बोलायचं मात्र तुम्ही, असं नको.

एअर कमोडोरसमोर विंग कमांडरने असं बोलणं म्हणजे काय, हे हवाई दलाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. सुनेने भर पंगतीत सासऱ्यांच्या हातून परात काढून घ्यावी, तसं काहीसं.

भसीन त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात टोपीपासून वीतभर अंतरावर थांबला होता. ते मला उठवू शकत होते. साहेबांना घरी पाठवू शकत होते. त्यांनी दोन्ही केलं नाही. हात मागे घेतला आणि पडद्याकडे बघत उभे राहिले.

ठिपका आंधीच्या दिशेने येत राहिला. परतीचं इंधन संपलं असणार, तो क्षण कधीतरी येऊन गेला. विमान खाली उतरू लागलं की रडारच्या नजरेतून सुटतं. ठिपका फिकट झाला, एकदा लुकलुकला आणि गेला. मी रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं.

फोन वाजला तो साहेबांनी उचलला. निरोप ऐकून घेतला. मग म्हणाले, “उतरला.”

झालं होतं ते असं: टॉवर धावपट्टीच्या पश्चिम टोकाला. आंधी तिथवर आली होती, पण पूर्वेकडचा अर्धा पट्टा अजून उघडा होता. टॉवरवाल्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं, ते वाळूच्या पोटात बसले होते. बरुआला वरून दिसलं. तो उघड्या टोकाकडून उतरला, वाळूत धावत गेला आणि काहीच दिसेना झाल्यावर थांबला. त्याला शोधून आणायला जीप पाठवावी लागली.

भसीननी माइकवरची टोपी उचलली. तिच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि दोन्ही हातांनी साहेबांना परत दिली. मला म्हणाले, पास. आणि चहा कुठे मिळेल असं विचारत बाहेर गेले.

संध्याकाळी बरुआचा फोन आला. आभार वगैरे काही नाही, आधी तक्रार. तू इतकी गप्प झालीस की मला वाटलं रेडिओच बंद पडला, म्हणाला. मग म्हणाला, पण बरं वाटलं. रस्ता की धावपट्टी, हे बघायला मला सगळं लक्ष हवं होतं.

मी तशीच साहेबांच्या घरी गेले. ते बाहेरच्या बाजेवर बसले होते आणि काकू त्यांना बशीतून चहा पाजत होत्या, लहान मुलाला पाजतात तसा. त्यांच्या हातात कप धरवत नव्हता. आल्यापासून हात थरथरतायत, काकू म्हणाल्या, दोन कप फोडले.

मी चक्रावले. म्हटलं, सर, तुम्हाला तर खात्री होती.

“मले कायची खात्री?” ते म्हणाले. “मलेही वाटून राहिलं होतं, पोट्टा कालव्यावरच उतरते. टोपी ठेवली ना, ती माइकवर कमी अन् माह्या हातावर जास्त होती. माहाच हात जाऊन राहिला होता तिकडं.”

“मग बोलू का नाही दिलंत?”

“त्यानं ज्यूडी म्हटलं होतं ना.” त्यांनी बशीतला उरलेला घोट घेतला. “खात्री असल्यावर भरवसा ठेवाले काय लागते? तो तर कोणीही ठेवते.”

मला रडू आलं. काकूंनी मलाही बशी भरून दिली.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी दहा वर्षांनी नोकरीतून बाहेर पडले, संसार केला, दोन मुली वाढवल्या. त्यांनी माझ्या बडबडीबद्दल पुष्कळ ऐकवलं. पण एकीने शिक्षण सोडून मातीची भांडी करायचं ठरवलं तेव्हा मी चार दिवस तोंड उघडलं नाही, याचं श्रेय साहेबांचं आहे हे तिला ठाऊक नाही. भांडी बरी विकली जातात.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्याला गेले होते. साहेब थकलेत. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेले, उजेड तेवढा कळतो. काकू वाळून काटकी झाल्यात, पण तोंड तसंच. अहो पायरी, अहो डावीकडे, अहो तो पंखा नाही, दिव्याचं बटण आहे. दिवसभर माझ्यासमोर त्यांनी साहेबांना असं सायकलसारखं हाकलं आणि साहेबही मुकाट वळत राहिले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

निघायची वेळ झाली. रिक्षा फाटकाशी उभी. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत अंगणातली पायवाट आहे, दोन्ही बाजूंना गुलाब. साहेब खुर्चीतून उठले, काठी बाजूला ठेवली, टोपी घातली आणि म्हणाले, “ज्यूडी.”

काकू वाक्याच्या मध्यात थांबल्या.

साहेब एकटे पायरी उतरले. मी सवयीने पुढे झाले, तर काकूंनी माझं मनगट धरलं. त्या वाळक्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्यांनी म्हटलंय ना. रोज एकदा म्हणतात. फाटकापर्यंत जातात आणि येतात. मी बोलत नाही.”

“आणि पडले तर?”

“दोनदा पडलेत.” काकूंचे डोळे साहेबांच्या पाठीवरून हलले नव्हते. दुसऱ्या हातात पदराचा बोळा होता. “तरी बोलले नाही मी.”

साहेब ताठ चालत होते, गुलाबांच्या मधोमध. आणि मला दिसलं: वाटेच्या पुढच्या भागात पाण्याचा पाईप आडवा पडला होता. थोड्या वेळापूर्वी शेजारच्या माळ्याने झाडांना पाणी घालून तो तसाच टाकला होता. काकूंची नजर साहेबांवर होती, त्यांना तो दिसलाच नव्हता.

माझ्या कानाशी कुणीतरी वाकल्यासारखं झालं. त्याले मालूम नाही असं काही तुह्यापाशी आहे काय?

होतं. या वेळी होतं.

“सर,” मी जागची न हलता म्हटलं, “पुढे पाईप. आडवा.”

तेवढंच बोलले. डावीकडे व्हा, थांबा, मी येते, सगळं तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. काकूंनी माझं मनगट घट्ट आवळलं.

साहेब थांबले. पायाने चाचपून पाईप शोधला, एक पाय उचलून पलीकडे टाकला, मग दुसरा. आणि वळून न बघता उजव्या हाताच्या बोटाने त्यांनी टोपीच्या टोकावर दोनदा टकटक केलं. कळलं बाई, पुरे.

फाटकाची कडी त्यांनी स्वतः काढली. मी जवळ जाऊन वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर बराच वेळ होता.

“जा आता,” म्हणाले. “मले परत बी जायचं आहे.”

रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होते. ते व्हरांड्याकडे निघाले होते, आणि पायरीवर इंदूकाकू तोंड गच्च मिटून उभ्या होत्या.